वज्रकाय यांच्या मृत्यूची नोंद

दाखलेकाकांना आयुष्यात कुणी त्यांचं मत विचारलं नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात चार नंबरच्या खिडकीमागे सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला मतं परवडत नाहीत. समोरचा म्हणाला मुलगी झाली, की आपण लिहायचं मुलगी झाली. समोरचा म्हणाला म्हातारे गेले, की आपण विचारायचं, कागद कुठाय? यात मत बसवणार कुठे? 'दाखलेकाका' हे नावही इमारतीनंच दिलेलं. तिन्ही मजल्यांवरच्या मंडळींना दाखला हवा असला की काकांची आठवण यायची, आणि दाखला हातात पडला की ती आठवण जायची.

अशा माणसानं बावन्नाव्या वर्षी एक मत मांडलं. एकच. आणि तेही अगदी चार ओळींचं.

काकांना व्यसन म्हणावं असं एकच होतं, कॉमिक्सचं. तेही मेहुण्याशी भागीदारीत. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान. सहा दिवस लोकांना "खालची ओळ दिसतेय का?" विचारून तो इतका विटलेला असायचा की रविवारी सकाळी नवा अंक बगलेत मारून बहिणीकडे यायचा, आणि दोघे पन्नाशीचे गृहस्थ बाल्कनीत खुर्चीला खुर्ची लावून एकाच अंकात डोकी घालून बसायचे. काकांची भक्ती वज्रकायवर. वज्रकाय म्हणजे सरळमार्गी गडी. छातीवर तोफगोळे झेलायचे, वेळेवर जग वाचवायचं आणि घरी जायचं. डोक्यानं जरा बेताचा, पण हजेरी चोख. मेहुण्याचा देव रातकिडा. काळा डगला, रात्रीचा धंदा, कुणावर भरवसा नाही, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आधी जखम आणि मग अर्थ.

हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नायक. तीस वर्षं त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि यंदा दोन्ही कंपन्यांनी मिळून बारा अंकांची एक कथा काढली, 'महासंगम'. दोन कंपन्यांचे नायक एका गोष्टीत आणणं म्हणजे दोन घराण्यांची सोयरीक. गोष्ट राहते बाजूला, आधी मानपान. एका मुखपृष्ठावर याचं नाव वर, तर पुढच्यावर त्याचं. दोघे भेटले की पहिल्यांदा गैरसमज, गैरसमजातून मारामारी, मारामारीतून ओळख आणि ओळखीतून मैत्री. सोयरिकीत हाच क्रम उलटा असतो, एवढाच फरक.

"सात अंक झाले भाऊजी," मेहुणा वही काढून म्हणाला. "तुमच्यानं चौसष्ट ठोसे मारलेत, माझ्यानं एकसष्ट. तीन ठोशांचा उघड अन्याय आहे."

"अंधारातले मोजलेस का?" काका म्हणाले. "पाचव्या अंकाचं आठवं पान सगळं काळंच आहे. तिथे किती मारले असतील, देव जाणे."

असं ते गोडीगुलाबीत चाललं होतं. मग आला अकरावा अंक. त्यात वज्रकायनं महास्फोटक पोटाशी धरला आणि थेट सूर्यात उडी घेतली. पुढचं पान कोरं. त्याच्या पुढच्या पानावर पुतळा, फुलं, माना खाली घातलेली गर्दी, आणि डगल्याच्या टोकानं डोळे टिपणारा रातकिडा.

मेहुण्यानं अंक मिटला आणि सांत्वनाला आल्यासारखा चेहरा केला. "गेला, भाऊजी. तुमचा गेला."

"असा कसा गेला? मृतदेह कुठाय?"

"सूर्यात!"

"पाहिला कुणी? पंचनामा? डॉक्टरचा कागद?" काकांचा आवाज आपसूक खिडकीतला झाला. "बेपत्ता म्हण फार तर. बेपत्ता आणि मयत यांचे रकाने वेगळे असतात."

"मग हे त्या कट्ट्यावर लिहा ना! मला काय सांगताय?"

कट्टा म्हणजे फोनवरचं एक पान. तिथे देशोदेशीचे वाचक आपापली मतं मांडत. काका जेवणाच्या सुट्टीत ती वाचत. एकाचं म्हणणं, अशा जोडकथांनी दोन्ही नायक नासतात. एकानं चाळीस परिच्छेद लिहून सिद्ध केलं होतं की तिसऱ्या अंकात वज्रकाय हरला तो केवळ त्याला सर्दी होती म्हणून. एकजण दररोज सकाळी फक्त 'रातकिडा!' एवढंच लिही, आणि त्याला सर्वांत जास्त अंगठे मिळत. अकराव्या अंकानंतर मात्र तिथे दोन तट पडले होते. मेला म्हणणारे आणि नाही म्हणणारे. दोन्हीकडच्यांना मृत्यू नोंदणीचा काडीचाही अनुभव नव्हता. काकांना ते सहन होईना.

दोन संध्याकाळी खपून त्यांनी चार ओळी लिहिल्या. 'माझ्या मते' अशी सुरुवात केली. शुद्धलेखनाची खात्री असावी म्हणून तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना दाखवल्या. इथे पहिली चूक झाली. मास्तरांनी लाल पेन काढलं.

"'माझ्या मते' कशाला? तुम्ही लिहिताय म्हणजे तुमचंच मत असणार, शेजारच्याचं नव्हे. काटा. 'असे म्हणता येणार नाही' हे काय? गद्य कसं ताठ कण्याचं हवं."

काट मारून उरलं ते असं: 'वज्रकाय यांचा मृत्यू झालेला नाही. तशी नोंद नाही. मृतदेह न मिळाल्यास सात वर्षे थांबावे लागते.'

दुसरी चूक काकांची स्वतःची. कट्ट्यावर नाव घालायला एक चौकट होती आणि व्यवसायाला एक. बाकीचे लोक तिथे 'विजेचा पुत्र' वगैरे काहीबाही लिहीत. पण ज्या माणसानं सव्वीस वर्षं लोकांचे अर्ज 'रकाना रिकामा' म्हणून परत पाठवले, तो स्वतः रकाना रिकामा कसा सोडणार? काकांनी हुद्दा लिहिला, कार्यालय लिहिलं, खिडकीचा नंबरही लिहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या ओळी जगभर झाल्या होत्या. कुणीतरी त्यांच्याभोवती काळी चौकट काढून वर मथळा दिला होता, 'अखेर सरकारी खुलासा'. वज्रकायवाल्यांनी काकांना डोक्यावर घेतलं. रातकिडावाल्यांनी त्यांच्या सात पिढ्यांचे दाखले मागितले.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी त्यांना जिन्यात अडवलं. "काका, तुम्ही कार्यालयाच्या नावानं विधान केलंयत. उद्या अंगावर येईल. लगेच खुलासा टाका. मी सांगते तसा लिहा."

काका दमले होते. दमलेल्या माणसाला जिन्यात दिलेला सल्ला फार पटतो. बाईंनी सांगितलं, काकांनी लिहिलं: 'वरील मजकूर हा कार्यालयाचा अधिकृत निर्णय नाही. अधिकृत निर्णय रीतसर अर्ज प्राप्त झाल्यावर, पुराव्यांच्या आधारे घेतला जाईल.'

मंगळवारी अर्ज आला.

तो आला टपालाच्या टेबलावर, आवकबाईंकडे. आवकबाई समोर येईल त्या कागदावर शिक्का मारत. एकदा त्यांनी डब्यातल्या कागदी रुमालावरही आवक क्रमांक घातला होता आणि तो रुमाल अजून दप्तरात आहे. शिक्का बसल्यावर त्या काकांच्या खिडकीकडे वळल्या.

"दाखले, तुमच्या ओळखीचं कुणी गेलं का हो? इथे तुमचं नाव घातलंय. मयताचं नाव, वज्रकाय. मृत्यूचं ठिकाण, सूर्य, कंसात 'पृष्ठभागाच्या थोडं अलीकडे'. कारण, जग वाचवताना. सोबत पुरावा म्हणून चित्रांचं पुस्तक जोडलंय."

काका खुर्चीतून अर्धे उठले. "बाई, शिक्का मारलात?"

"मारला. एकवीसशे सतरा."

"वाचलं नाहीत आधी?"

"माझं काम मारायचं. वाचायचं काम तुमचं."

ज्यांनी कधी सरकारी नोकरी केली नाही त्यांना वाटेल, यात काय, फाडून टाकायचा. पण आवक क्रमांक पडलेला कागद अमर असतो. तो फाडता येत नाही, हरवता येतो फक्त, आणि हरवायलाही वरून तोंडी आदेश लागतो. अर्जात काकांचंच नाव असल्यामुळे आवकबाईंनी तो पाकिटात घालून परस्पर मोठ्या साहेबांकडे पाठवला. अर्जदार कोण हे काकांना कळलंही नाही.

"सही डॉक्टरची असावी," बाई म्हणाल्या. "वाचता येत नाही."

तासाभरात काकांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. सव्वीस वर्षांतली पहिली. तीन प्रतींत उत्तर द्यायचं होतं, आणि उत्तरात 'सदर वज्रकाय कोण, त्यांचा या कार्यालयाशी संबंध काय' हेही स्पष्ट करायचं होतं. काकांनी ते सहा पानी उत्तर घरी जेवणाच्या टेबलावर लिहिलं. बायको समोर बसून भाजी निवडत होती.

"अहो, 'तो उडतो' हे पण लिहिताय?"

"विचारलंय त्यांनी."

"घराच्या कागदांसाठी कधी सहा पानं लिहिली नाहीत."

साहेबांनी उत्तर वाचलं, काकांना बोलावलं, दरवाजा लावून घ्यायला सांगितलं आणि पुराव्यादाखल अकराच्या अकरा अंक अवलोकनार्थ मागवले. काकांनी आपला जपलेला गठ्ठा पिशवीत घालून नेला. चार दिवस साहेबांच्या दारावरचा लाल दिवा विझला नाही. पाचव्या दिवशी सुनावणी लागली. कारण रीतसर आलेला अर्ज फेटाळायचा, तर अर्जदाराला ऐकून घ्यावं लागतं.

सुनावणीला बाहेर जिन्यापर्यंत माणसं. निम्म्यांच्या अंगात काळे डगले, निम्म्यांच्या छातीवर वज्र. जन्माचे दाखले घ्यायला आलेल्या बाळंतिणी त्यांच्याकडे पाहून पोरांचे डोळे झाकत होत्या. आणि पुकारा झाल्यावर आत आला तो इस्त्रीचा शर्ट घातलेला, चष्मा पुसत, काकांचा मेहुणा.

"तू?" काका उठूनच उभे राहिले.

"कट्ट्यावर ठरलं, भाऊजी. नोंद नाही म्हणताय, तर नोंद करून घेऊ." मेहुणा काकांकडे न बघता बोलत होता. "खरं नाव द्यायला कुणी तयार नव्हतं. माझ्या दुकानाचा पत्ता तरी पक्का आहे."

"घरातल्या घरात विचारायचं होतंस!"

"घरात तुम्ही ऐकता कुठे?"

साहेबांनी टेबलावर पेपरवेट आपटला. "अर्जदाराचं मयताशी नातं?"

"वाचक."

"वाचक हे नातं नाही. जवळचा नातेवाईक कोण?"

"रातकिडा, साहेब. चौथ्या अंकात दोघांनी एकमेकांना भाऊ मानलंय. पान बावीस."

"मग त्यांनी अर्ज करायचा. त्यांना हजर करा."

"ते रात्रीच येतात."

"कार्यालय पाचला बंद होतं," साहेब म्हणाले, आणि ते स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. मग त्यांनी पेन ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "पण मला एक सांगा. रातकिड्यानं त्याला जाऊच का दिलं? सहाव्या अंकातली ती दोरी होती ना त्याच्याकडे?"

एकदम सगळेच बोलायला लागले. दोरी सातव्या अंकात जळाली, नाही जळाली, जळाली ती दुसरी. दीड तास दोरीचा खल चालला. चार नंबरची खिडकी तेवढा वेळ बंद, आणि रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, की आपला हयातीचा दाखला आपण हयात असेपर्यंत मिळेल का.

शेवटी निकाल लागला. टंकायचं काम काकांकडेच. छापील नमुना असा: 'सदर मृत्यू या कार्यालयाच्या हद्दीबाहेर घडलेला असल्याने अर्ज फेटाळण्यात येत आहे.' रिकाम्या जागेत कंसात 'सूर्य'.

"साहेब," काका अजिजीनं म्हणाले, "'सदर मृत्यू' लिहिलं तर मृत्यू झाला असं होतं. 'कथित' करू या का?"

"नमुन्यात 'सदर' आहे. नमुना बदलायचा तर वर लिहावं लागेल. करा सही."

नियमाप्रमाणे खाली सादरकर्त्याची सही लागते. सादरकर्ता म्हणजे काका.

संध्याकाळी कट्ट्यावर निकालपत्राचा फोटो झळकला. रातकिडावाले नाचत होते. 'मृत्यू मान्य! खुद्द त्यांचीच सही!' आणि कालपर्यंत काकांना डोक्यावर घेणाऱ्यांनी त्यांना खाली टाकलं ते असं, की पाठ टेकायला जमीनही ठेवली नाही. फितूर, विकला गेलेला, मेहुण्याचा मिंधा. चाळीस परिच्छेदवाल्यानं एकसष्ट परिच्छेद लिहिले. कार्यालयात काकांच्या सेवापुस्तकात सक्त ताकीद चढली: यापुढे सदर कर्मचाऱ्याने कोणासही कोणतेही मत लेखी देऊ नये, अन्यथा बढती रोखण्यात येईल. बढती चार महिन्यांवर होती.

मेहुणा रविवारी आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. काका बाल्कनीत एका खुर्चीवर बसून दुसरीवर पाय ठेवायचे, मग चुकल्यासारखे खाली घ्यायचे.

"माझा एकच भाऊ आणि एकच नवरा," बायको म्हणाली. "तुम्ही दोघं मिळून सूर्यावर जा एकदाचे. मला तरी निवांतपणा मिळेल."

काकांना आता कशाचंच काही वाटत नव्हतं. खिडकीपाशी रोज एकदोघे तरी डगलेवाले येत, फोटो काढत, 'हेच ते' म्हणत. काका मान वर न करता कागद पुढे सरकवत.

अशातच एका दुपारी, जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटं असताना, खिडकीत चार घड्या घातलेला एक कागद आला. काकांनी काळी चौकट ओळखली.

"हे तुम्हीच लिहिलंय का?" बाईचा आवाज होता.

"बाई, सूर्य आमच्या हद्दीत नाही," काका खालमानेनंच म्हणाले. "अर्ज फेटाळलाय. शेवटचा अंक आठवड्यात येतोय, त्यात काय ते कळेल. पुढचे या."

पुढे कुणी नव्हतं. बाईही हलली नाही.

"सूर्याचं मला माहीत नाही. आमचे हे बोटीवर होते. सहा वर्षं चार महिने झाले."

काकांनी मान वर केली. पंचेचाळिशीची बाई, खांद्याला पिशवी, तिचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"दीर म्हणतात, मयत लावून टाका, सह्या करून मोकळी हो. कायदा तसाच आहे म्हणतात. मुलीला हा कागद कुठेतरी सापडला. यात लिहिलंय, सात वर्षं थांबावं लागतं. कुणाबद्दल लिहिलंय ते मला कळलं नाही, पण खाली खिडकीचा नंबर होता. म्हणून आले."

काका उठले, बाजूचं दार उघडून त्यांनी बाईंना आत घेतलं आणि बसायला स्वतःची खुर्ची दिली. सव्वीस वर्षांत त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं नव्हतं.

"लिहिलंय ते खरं आहे," ते म्हणाले. "आणि सात झाली तरी आपोआप काही होत नाही. कुणीतरी अर्ज करावा लागतो."

"दीर करतील."

"करू दे. तुम्हाला बोलावल्याशिवाय सुनावणी होत नाही. सुनावणीत काय काय विचारतात ते मी नुकतंच पाहिलंय. एक दोरी दीड तास पुरते."

बाईंना दोरीचं कळलं नाही, पण त्यांचा हात पट्ट्यावरून सैल झाला. "म्हणजे मी थांबू शकते?"

"थांबू शकता."

"हे मला लिहून द्याल? माझ्या तोंडचं घरात कुणी खरं मानत नाही."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सेवापुस्तक साहेबांच्या कपाटात होतं, आणि त्यातली ताकीद त्यांना शब्दन् शब्द पाठ होती. त्यांनी कोरा कागद ओढला. नियमाचा क्रमांक घातला, बोटीचं नाव विचारून लिहिलं आणि स्वच्छ अक्षरात खाली उतरवलं: 'त्यांच्या मृत्यूची नोंद नाही. पत्नीस थांबण्याचा हक्क आहे.' मग सही केली आणि कागद जावक शिक्क्यासाठी आवकबाईंपुढे ठेवला. आवकबाईंनी शिक्का उचलला, खाली पाहिलं, आणि उचललेला हात तसाच ठेवून तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग शिक्का मारला. इतका हलका, की आवाज झाला नाही.

"साहेबांनी विचारलं तर मी वाचत नाही," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. मेहुणा. हातात 'महासंगम'चा बारावा अंक, वरचं वेष्टन न फाडलेलं.

"दोन दिवस झाले येऊन," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. "एकट्यानं उघडवेना."

काकांनी बाल्कनीतली दुसरी खुर्ची मोकळी केली. आतून बायकोनं कपबशांचा आवाज गरजेपेक्षा जास्त केला.

तिसऱ्याच पानावर वज्रकाय परत आला. दारातून, चालत. अंगावर ओरखडा नाही, कपड्याला सुरकुती नाही. सूर्यातून कसा सुटला, कुठे होता, कुणी वाचवलं, एक अक्षर नाही. चौथ्या पानावर तो कामालाही लागला होता.

मेहुणा भडकला. "हे काय! असा कसा आला? अकरा अंक आम्ही डोकी फोडली ती यासाठी? सूर्य म्हणजे काय धर्मशाळा आहे? कारण नको? खुलासा नको? भाऊजी, तुम्ही तरी बोला! पुरावा नाही, कागद नाही, काही नाही!"

काका तिसऱ्या पानावरच थांबले होते. दारात तो उभा होता, आणि आतल्या माणसांनी अजून त्याला नीट पाहिलंही नव्हतं. फक्त एका बाईच्या हातातली बशी सुटून अर्ध्यावर आली होती.

"आला ना?" काका म्हणाले.

"आला, पण—"

"मग येऊ दे ना त्याला आत. दारात कसले कागद मागतोस?"

मेहुण्यानं काकांकडे पाहिलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. मग दोघे पहिल्या पानापासून परत वाचायला लागले.